१/४८ स्वॉर्डफिश, फ्लोटवर: ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यातल्या कामाच्या नोंदी

किट फेअरी स्वॉर्डफिश मार्क १ या ब्रिटिश नौदलाच्या जुन्या द्विपंखी विमानाचं, फ्लोटवालं (चाकांऐवजी पाण्यावर तरंगणाऱ्या दोन होड्या), प्रमाण १/४८. काम फेब्रुवारी ते जून २०२५, ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, गच्चीलगतच्या खोलीत. एकपंखी विमानांची चार-पाच किटं झाली असतील आणि आता दोन मजली पंख, तारा आणि फ्लोट असं सगळं एकदम अंगावर घ्यायचं असेल, तर या नोंदी कामाला येतील. पहिलंच किट असेल तर हे घेऊ नका, पैसे जातील.

९ फेब्रुवारी (२ तास)

सगळे स्प्रू (भाग ज्यांना जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटी) कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून धुतले आणि टॉवेलवर पसरून वाळवले. साच्यातलं तेल भागांवर राहिलं तर रंग धरत नाही.

मूळ विमानाचा पंखविस्तार १३.८७ मीटर, म्हणजे मॉडेल २८९ मिमी रुंद होणार. कपाटाची फळी आधी मोजून घ्या. स्वॉर्डफिशचे पंख मागे मुडपता येतात आणि मुडपल्यावर रुंदी साधारण ११० मिमीच उरते. जागा नसेल तर हा मोह होतो. पण मुडपलेल्या पंखांत तारा ओवायला बोट शिरत नाही, म्हणून पंख उघडेच ठेवायचं ठरवलं.

तपासणीत दोन दोष सापडले. डाव्या फ्लोटची आतली बाजू केळ्यासारखी वाकली होती. दोन्ही अर्धे एकमेकांवर धरले की मधे २ मिमी फट. पातेल्यात पाणी उकळलं, गॅस बंद केला, मिनिटभराने तो भाग वीस सेकंद बुडवला, बाहेर काढून उलट्या बाजूने हलका दाब दिला आणि लगेच गार पाण्यात धरला. दोनदा केल्यावर सरळ झाला. उकळत्या पाण्यात मात्र घालू नका, कडा लाटांसारख्या होतात.

दुसरा दोष डेकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून लावायच्या खुणांच्या चित्रांचा: पांढरा भाग पिवळा पडला होता. झिपच्या पिशवीत घालून दक्षिणेच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवला. फेब्रुवारीच्या उन्हात चार दिवसांत पांढरा झाला. मे महिन्यात हेच करायचं तर एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नका, कागद कडक होऊन तडकतो.

१६ फेब्रुवारी (५ तास)

कॉकपिट. यात सांगण्यासारखं थोडं. तिघांची जागा उघडी असल्यामुळे आतलं सगळं दिसतं, तेव्हा सीटचे पट्टे करावेच लागतात. मलमाची रिकामी ट्यूब उभी कापली, आतून अल्कोहोलने पुसली आणि त्या पत्र्याच्या १ मिमी पट्ट्या काढल्या. कागदापेक्षा छान पडतात. सीटच्या कडेवरून वळवलं की तसेच राहतात.

पुढची काच आज लावायची नाही. सूचनापत्रात ती इथेच लावा म्हटलंय. पुढचे चार महिने बोटं तिथेच फिरणार आहेत.

२३ फेब्रुवारी (४ तास)

तारांसाठी भोकं. हे काम जोडणीच्या आधी करायचं, सुट्या भागांवर. पंख बसल्यावर ड्रिल सरळ धरायलाच जागा उरत नाही. आधी कागदावर पंखांचा आराखडा काढून प्रत्येक तार कुठून कुठे जाते ते रंगीत पेन्सिलने जोडलं. एकूण ७२ भोकं निघाली.

०.४ मिमीचे ड्रिल सराफ्यात (सोनारांच्या बाजारात) मिळाले नाहीत. तिथल्या हत्यारांच्या दुकानात सुतळीएवढ्या जाडीपासून ०.६ पर्यंत असतात, त्याखाली नाही. सर्किट बोर्डसाठीचे कार्बाइड ड्रिल मागवले, ३५ रुपयाला एक, बारा घेतले. ते काचेसारखे तुटतात: हात जरा तिरका झाला की कट्. पहिल्या तासात पाच गेले. मग लक्षात आलं की आधी सुईने खळगा पाडून घेतला तर ड्रिल घसरत नाही, आणि पिन व्हाइस (बारीक ड्रिल धरून हाताने फिरवायची मूठ) तर्जनीच्या पेरावर टेकवून फक्त अंगठ्याने फिरवली तर बाजूचा जोर येत नाही. उरलेल्या कामात एकच तुटला. पिन व्हाइस मात्र सराफ्यातलीच उत्तम, पितळी, १८० रुपयाला मिळते. (माझ्याकडे होती, म्हणून खर्चात धरलेली नाही.)

चूक: वरच्या पंखात चार ठिकाणी भोक आरपार गेलं. मागच्या कडेपाशी पंखाची जाडी जेमतेम सव्वा मिलिमीटर आहे. नंतर ड्रिलच्या टोकापासून ०.८ मिमीवर टेपचं बारीक झेंडं गुंडाळलं. झेंडं प्लास्टिकला लागलं की थांबायचं. ही सुबुद्धी पहिल्या भोकाआधी हवी होती.

भोक तारेच्या दिशेने तिरकं पाडा. उभं पाडलं तर दोरा तोंडाशी मोडल्यासारखा दिसतो.

२ मार्च (३ तास)

धड बंद केलं. सांध्यावर प्लास्टिक सिमेंट, दाबून धरल्यावर थोडं वितळलेलं प्लास्टिक वर आलं, ते दोन दिवसांनी खरवडायचं. पोटाखालच्या सांध्यात मात्र अर्धा मिलिमीटर फट राहिली. त्यात गाडीच्या डेंटिंगवाल्यांकडची एनसी पुट्टी भरली, कारण ती हाताशी होती.

९ मार्च (२ तास, वाया)

पुट्टी बसली. बसली म्हणजे खाली गेली: गेल्या रविवारी घासून सपाट केलेल्या जागी आज नखाला लागेल अशी खोबण. एनसी पुट्टीतलं द्रावण उडत जातं तसं तिचं आकारमान घटतं, आणि खोल फटीत हे आठवडाभर चालू राहतं. ओरखड्यांना ती चांगली, फटीला नाही.

सगळी थिनरने पुसून काढली आणि सुपरग्लूत टाल्कम पावडर कालवून भरली. प्रमाण दह्याएवढं दाट. ही भर अजिबात आकसत नाही, पण तासाभरात घासून घ्या. रात्रभर ठेवली तर आजूबाजूच्या प्लास्टिकपेक्षा कडक होते आणि घासायचा पॉलिश पेपर प्लास्टिक खातो, भर तशीच राहते. ४०० ने सुरुवात, मग ६००, १०००. पेपर नेहमी ओला.

१६ मार्च (६ तास)

फ्लोट.

ग्वाल्हेरला पाण्यावरची विमानं नवी नाहीत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस इंपिरियल एअरवेजच्या फ्लाइंग बोटी कराची, राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद, कलकत्ता अशा उतरत जायच्या. पण त्या बोटी, म्हणजे धडच पाण्यात. इथे धड कोरडं आणि पायांत दोन होड्या. मॉडेल करणाऱ्याला हा फरक फार पडतो. फ्लाइंग बोटीत सरळपणा साच्यातून येतो, फ्लोटप्लेनमध्ये तो स्ट्रट, म्हणजे आधाराच्या दांड्या, जोडणाऱ्याच्या हातात असतो.

दोन्ही फ्लोटचे अर्धे जोडले. वरचा सांधा घासून घालवायचा. खालचा, जिथे तळाची कणा-कड येते, तो घासायचा नाही, फक्त खरवडायचा. तळाच्या मधे पाण्यापासून सुटण्यासाठी जी पायरी असते तिची कड धारदार हवी. पेपर फिरवताना ती हमखास गोल होते, म्हणून पायरीवर आणि बाजूच्या कडांवर दोन थर टेप लावून मगच पेपर घेतला. एका ठिकाणी टेप सुटली आणि कड गोल झालीच. स्प्रूचा बारीक धागा ताणून तिथे चिकटवला आणि चौकोनी कानशीने पुन्हा धार काढली.

मग स्ट्रट. किटमधले खुंटे ०.८ मिमीचे आणि भोकं त्याहून ढिली, सगळं डुगडुगतं. काचेवर आलेखाचा कागद चिकटवला, त्यावर फ्लोटच्या मध्यरेषा आखल्या, आणि पाटी रंगवणाऱ्यांच्या दुकानातून आणलेले ॲक्रिलिकचे चौकोनी तुकडे दोन्ही बाजूंना लावून फ्लोट त्यांच्यात अडकवले. स्ट्रटला प्लास्टिक सिमेंट लावलं, वर धड ठेवलं, रात्रभर तसंच.

इथे काय चुकलं ते पुढच्या नोंदीत. वाचणाऱ्याने इथेच थांबून सिमेंटची बाटली बाजूला ठेवावी.

२२ मार्च (१ तास)

काचेवर ठेवल्यावर उजव्या फ्लोटची टाच १.५ मिमी उचललेली. आधी वाटलं फ्लोटच वाकलाय, सरळपट्टी लावली तर तो सरळ. म्हणजे पुढचा स्ट्रट खाली बसलाय. प्लास्टिक सिमेंट दोन भाग वितळवून एक करतं, त्यामुळे सांधा शेवटी मजबूत होतो. पण घट्ट व्हायला दिवस घेतं आणि तोवर तो लोण्यासारखा असतो. वर अख्ख्या धडाचं वजन ठेवलं होतं. सांधा हळूहळू दबला, आणि दबलेल्या जागीच कडक झाला.

दीड मिलिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. हिशेब करा: फ्लोटवर विमान एक अंशाने जरी कललं, तरी अर्ध्या पंखाच्या लांबीला, १४४ मिमीला, टोक अडीच मिलिमीटर खाली जातं आणि दुसरं तितकंच वर. दोन टोकांत पाच मिलिमीटरचा फरक. दारातून पाहणाऱ्यालाही दिसतो.

२३ मार्च (५ तास)

तोडलं. बारीक दातांच्या करवतीने उजव्या बाजूचे सगळे स्ट्रट फ्लोटपासून कापले. एक स्ट्रट मधेच मोडला.

नवी पद्धत: प्रत्येक स्ट्रटच्या दोन्ही टोकांना ०.५ मिमी पितळी तारेची ५ मिमी पिन, निम्मी स्ट्रटमध्ये, निम्मी फ्लोटमध्ये. तार सराफ्यातली, दोन हात तार ६० रुपये. दुकानदार वजन करून देतो आणि एवढी कमी कशाला हवी म्हणून हसतो. मोडलेला स्ट्रटही पिननेच सांधला. जोडायला यावेळी दोन ट्यूबचा एपॉक्सी. तो पाच मिनिटं हलू देतो, मग धरतो, आणि वितळवत नसल्याने दबत नाही. धड वर सोडून दिलं नाही. दोन पुस्तकांच्या थप्प्यांवर शेपटी आणि नाक टेकवलं, त्यामुळे स्ट्रटवर वजन शून्य.

मोजमाप: खालच्या पंखाच्या दोन्ही टोकांपासून काचेपर्यंत उभी पट्टी. डावीकडे ७१, उजवीकडे ७१.५. अर्धा मिलिमीटर सोडून दिला.

नाकात वजन घालायचं का? हे विमान जमिनीवर फ्लोटखाली घालायच्या ढकलगाडीवर उभं राहणार, तिथे मागेपुढे झुकायचा प्रश्न येत नाही. उगाच शिसं भरलं तर तो भार स्ट्रटवरच येतो. घातलं नाही.

३० मार्च (२ तास)

पाडवा. राखाडी प्रायमर मारला, सांधे तपासले. पोटाचा सांधा गायब. वरच्या पंखातलं भरलेलं एक भोक अजून दिसतंय, तेवढं पुन्हा.

वरचा पंख सुटाच ठेवलाय. तो रंगवून, डेकल लावून मगच बसवायचा. मधल्या फटीत एअरब्रश (रंग फवारायची बारीक पिचकारी) जातो, पण कोनात, आणि खालच्या पंखावर वरच्याची सावली पडल्यासारखी रंगाची पट्टी राहते.

६ एप्रिल (४ तास, वाया)

दुपारी तीनला रंग मारला. बाहेर ४१ अंश. एअरब्रश ०.३ ची सुई, हवेचा दाब २० पीएसआय, अंतर १२ सेंटीमीटर, म्हणजे डिसेंबरात जे चालतं तेच. पंख वाळल्यावर हात फिरवला तर ६०० चा पेपर. रंगाचे थेंब प्लास्टिकपर्यंत पोचायच्या आतच हवेत वाळले आणि धुळीसारखे येऊन बसले.

दुसरी भानगड कूलरची. खोली गार राहावी म्हणून तो चालू होता. दमट हवेचा झोत सरळ टेबलावर, शिवाय पॅडमधला कचरा. धडावर जिथे लॅकरचा प्रायमर दुरुस्त केला होता तिथे पांढुरकी झाक आली. लॅकर वाळताना पृष्ठभाग एकदम गार होतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं.

दोन्ही पंख २००० च्या ओल्या पेपरने घासून गुळगुळीत केले. झाक असलेल्या जागी नुसतं थिनर हलकं फवारलं, ती गेली.

१३ एप्रिल (३ तास)

सकाळी साडेसहा, २५ अंश, कूलर बंद, पंखा बंद. आदल्या रात्री फरशी ओल्या फडक्याने पुसून ठेवली. रंग टामियाचे ॲक्रिलिक, रंग एक भाग आणि पातळ करायला दीड भाग, त्यात रिटार्डर (रंग उशिरा वाळावा म्हणून घालायचं द्रव) एकूणाच्या पाच टक्के. दाब १५ पीएसआयवर आणला, अंतर ५ सेंटीमीटर. ओलसर चमक दिसते आणि दहा-बारा सेकंदांनी मावळते, ते बरोबर. साडेआठला थांबायचं, त्यानंतर ऊन गच्चीवर येतं.

कंपनीचं थिनर मिळेलच असं नाही. ज्वलनशील म्हणून हवाईमार्गे पाठवत नाहीत आणि जमिनीवरून यायला तीन आठवडे लागतात. प्रयोगशाळेला माल देणाऱ्या दुकानातलं आयसोप्रोपाइल अल्कोहोल या रंगांना चालतं. पण ते आणखी लवकर उडतं, तेव्हा एप्रिल-मेमध्ये रिटार्डरशिवाय वापरू नका. रिटार्डर दहा टक्क्यांच्या वर गेलं तर रंग दोन दिवस चिकट राहतो.

खालून एक्सएफ-१९, स्काय ग्रे. वरून अतिगडद समुद्री राखाडी: एक्सएफ-२४ तीन भाग, एक्सएफ-१८ एक भाग. हिरवट पाटीचा राखाडी: एक्सएफ-६५ मध्ये काळ्याचे थेंब. दोन्ही मिश्रणं डोळ्यांनी जुळवलेली आहेत. पट्ट्यांची कड मऊ हवी म्हणून टेप न लावता पोस्टर चिकटवायच्या निळ्या मातीच्या वळ्या करून लावल्या.

२० एप्रिल (५ तास, वाया)

दोन्ही पंख एकसारखे गडद रंगवले होते. १९४० च्या सुमाराच्या ब्रिटिश नौदलाच्या योजनेत द्विपंखी विमानाच्या खालच्या पंखाची वरची बाजू फिकट जोडीने रंगवलेली असते. वरच्या पंखाची सावली खालच्यावर पडते, दोन्ही सारखे गडद असले तर खालचा काळा दिसून विमान उठून दिसतं. खालचा फिकट ठेवला की वरून पाहणाऱ्याला दोन्ही एका रंगाचे भासतात. सूचनापत्रात हे चार वेगवेगळे रंग छापलेले आहेत. छोट्या चित्रात लक्ष गेलं नाही.

साल १९४० निवडलंय कारण फ्लोटवरच्या स्वॉर्डफिशचं सगळ्यात गाजलेलं काम त्याच वर्षीचं. वॉरस्पाइट या युद्धनौकेवरून उडालेल्या फ्लोटवाल्या स्वॉर्डफिशने १३ एप्रिल १९४० रोजी नार्विकजवळ यू-६४ ही जर्मन पाणबुडी बुडवली. त्या वर्षीचं विमान म्हणायचं आणि रंग चुकवायचे, हे बरं दिसलं नसतं.

पुन्हा रंगवलं. गडदसाठी सरळ एक्सएफ-५४, हिरवटासाठी एक्सएफ-६५ मध्ये पांढरा चार भागांस एक. जुन्या वळ्यांच्या खुणांवरच बसवलं म्हणून पाच तासांत भागलं.

४ मे (४ तास)

एक्स-२२ चा चकाकी थर आठवडाभर वाळवून डेकल. उन्हाळ्यात डेकल पाण्यातून काढल्यावर सरकवायला मिनिटभरसुद्धा मिळत नाही. जागेवर आधी पाण्याचा थेंब सोडा, मग डेकल. पंखावरचं एक वर्तुळ अर्धं बसलं आणि चिकटलं. ओला कापूस पाच मिनिटं ठेवल्यावर सुटलं.

पंखाच्या फासळ्यांवर बसवायला पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून वापरलं. साधारण बसतं. खोल खोबणीत नाही बसलं, तिथे ब्लेडने चिरून पुन्हा लावलं.

११ मे (४ तास)

वरचा पंख. स्वॉर्डफिशचा वरचा पंख चार अंश मागे झुकलेला आहे आणि खालचा सरळ, म्हणून वरून पाहिलं तर कडा समांतर दिसत नाहीत. समांतर करायला जाऊ नका.

आधी धडावरचे मधले स्ट्रट, ते एक दिवस पक्के. मग पंख उलटा टेबलावर ठेवून धड त्यावर उलटं उतरवलं, म्हणजे वजन पंखाचं नाही, धडाचं, आणि ते फ्लोटला धरून सांभाळता येतं. बाहेरचे स्ट्रट आधी फक्त वरच्या पंखात चिकटवले, ओले असतानाच खालच्या भोकांत सरकवले. चारही बाजूंनी रबर बँड, सैल. घट्ट रबर बँडने पंख कमानीसारखा होतो आणि तसाच वाळतो.

१८ मे ते १ जून (१९ तास)

तारा.

खऱ्या विमानात या तारा गोल नसून चपट्या, हवेला धारेने कापणाऱ्या असत. १/४८ मध्ये तो चपटेपणा क्वचितच दिसतो, जाडी मात्र लगेच दिसते. चार गोष्टी करून पाहिल्या. ताणलेला स्प्रू: दिसायला उत्तम, पण बोट लागलं की तुटतो, आणि इथे बोट लागतंच. केस: सरळ राहत नाही. ताणला जाणारा रबरी धागा: काम सोपं, पण जरा जाड आणि केसाळ. शेवटी फॉल-बिडिंगच्या दुकानातला अदृश्य म्हणून मिळणारा नायलॉनचा धागा, ०.१ मिमी, ४० रुपयाला मोठं रीळ. धुरकट रंगाचा मागा; पारदर्शक चमकतो.

क्रम: मधल्या स्ट्रटमधली फुली आधी, मग आतून बाहेर, डावीकडे एक झाली की उजवीकडे तीच. उडताना पंखाला वर जाऊ न देणाऱ्या तारा आधी लावल्या तर जमिनीवर पंखाला सांभाळणाऱ्या तारांना मधून जायला जागा उरत नाही, म्हणून आधी आतल्या, मग बाहेरच्या. फ्लोटच्या मधली फुली सगळ्यात शेवटी, कारण तोवर विमान फ्लोटला धरूनच फिरवावं लागतं.

एक तार अशी जाते: धाग्याचं टोक सुपरग्लूत बुडवून वाळवलं की ते सुईसारखं ताठ होतं, म्हणजे ०.४ च्या भोकात शिरतं. एका टोकाला सुईच्या अग्रावरचा थेंब, पाच मिनिटं. दुसऱ्या टोकातून धागा ओढून त्याला कपड्याचा चिमटा लटकवला. तेवढंच वजन पुरे. मग थेंब, वाळल्यावर नव्या ब्लेडने भोकाच्या तोंडाशी काप.

तिसऱ्या दिवशी चिमट्याऐवजी हाताने ओढून बांधले, वेळ वाचेल म्हणून. उजव्या वरच्या पंखाचं टोक २ मिमी खाली आलं. त्या बाजूच्या सहा तारा कापून पुन्हा. नायलॉन कितीही बारीक असलं तरी दहा धागे मिळून पंख वाकवतात.

ज्या सैल राहतात त्यांना उदबत्ती. पेटती उदबत्ती तारेखाली दोन सेंटीमीटरवर धरून एका टोकाकडून दुसरीकडे संथपणे न्या. धागा आकसतो आणि डोळ्यांदेखत ताठ होतो. थांबायचं नाही. एकदा फोन वाजला, हात तिथेच राहिला, धागा तुटला आणि शेजारच्या स्ट्रटवर फोड आला. राख विमानावर पडते, ती फुंकरीने उडवा. बोटाने पुसली तर करडा फराटा उमटतो.

काच आता लावली, पांढऱ्या फेविकॉलने. सुपरग्लूच्या वाफेने काच धुरकट होते, आणि खोली बंद असेल तर काच दोन वीत लांब असली तरी होते. म्हणून तारांचं काम संपल्यावर काच.

८ जून (३ तास)

जुनाटपणा. समुद्रावरच्या विमानाला धूळ लावू नका. फ्लोटच्या तळावर आणि बाजूंना पाण्याच्या ओघळांच्या पांढुरक्या रेघा: पांढरा ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये पाण्यासारखा पातळ, वरून खाली एकच फटकारा, मग कोरड्या ब्रशने निम्मं पुसून टाकायचं. विमान पाण्यातून क्रेनने उचलून घेत. हूक अडकवायला माणूस वरच्या पंखाच्या मध्यावर चढायचा. तिथे आणि पायरीवर खरवडल्यासारखं चंदेरी ठेवलं, इतरत्र नाही.

१५ जून (२ तास)

प्रॉपेलर, मागची बंदूक, ढकलगाडी. गाडीवर ठेवल्यावर फ्लोट चारही टेकूंवर बसले.

एकूण ७४ तास, त्यातले १७ तास केलेलं काम पुन्हा करण्यात. पैसे: किट कुरिअर धरून ६,४००, रंग-थिनर-रिटार्डर १,८५०, ड्रिल ४२०, ॲक्रिलिकचे तुकडे १५०, पेपर १२०, एपॉक्सी ९०, पितळी तार ६०, धागा ४०. मिळून ९,१३० रुपये.

आदल्या रात्री आंधी आली होती. बंद खोलीतसुद्धा सकाळी प्रत्येक तारेवर पिवळसर मातीचा बारीक थर. फडक्याने पुसता येत नाही, ब्लोअरने तार तुटते. मेकअपचा सगळ्यात मऊ ब्रश तारेच्या दिशेने फिरवला, अर्धा तास गेला. पाटीच्या दुकानात ३२० बाय ३०० बाय १५० चं ॲक्रिलिकचं झाकण सांगितलंय, १,१०० रुपये, मंगळवारी मिळेल. तोवर विमान बुटांच्या मोठ्या खोक्यात, उघड्या बाजूला मलमल ताणून.